शिफारसपत्र ही कुणाची मेहेरबानी?

आपल्याकडे मुलगी शिकायला निघाली की तिच्याआधी कागद निघतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, बोनाफाईड, टी.सी., मध्ये वर्ष गेले असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र. प्रत्येक कागदासाठी रांग आहे, खेटे आहेत, कुठे कुठे चहापाणीही आहे. तरी या कागदांना निदान एक खिडकी आहे. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा झाला, तेव्हापासून कोणता दाखला किती दिवसांत मिळायला हवा हे ठरलेले आहे. नाही मिळाला तर अपील कुणाकडे करायचे हेही ठरलेले आहे. पण एक कागद असा आहे की ज्याला खिडकी नाही, मुदत नाही, पावती नाही आणि अपीलही नाही. तो कागद म्हणजे शिक्षकाचे शिफारसपत्र.

हा कागद मिळतो तो केवळ मर्जीने. आणि ज्या मुलीचे एखादे सेमिस्टर वाईट गेले आहे, तिला तो बहुधा मिळतच नाही. मी हिंगोली जिल्ह्यात मुलींच्या अभ्यासगटांचे काम करते. पदवी झालेल्या, पुढे शिकू पाहणाऱ्या मुलींबरोबर बसून अर्ज भरणे हा त्या कामाचा मोठा भाग. अर्जाची इतर पाने भरून होतात. गाडी अडते ती शेवटच्या पानावर, जिथे दोन शिक्षकांची नावे लिहायची असतात. या पानाविषयी आपल्या चळवळीत फारसे कुणी बोलत नाही. हुंडा, मारहाण, जमिनीचा हक्क, रेशन हे आपले प्रश्न आहेत आणि राहतील. पण मुलगी उंबरठ्यापर्यंत पोचल्यावर तिला कोण अडवते हाही आपलाच प्रश्न आहे, असे माझे म्हणणे आहे.

हा कागद लागतो तरी कुठे?

कुणी म्हणेल, हे सगळे पुण्या-मुंबईच्या मुलींचे लाड आहेत, आमच्या खेड्यातल्या मुलीला कशाला हवे शिफारसपत्र? तर मैत्रिणींनो, लागते. परदेशातली बरीच विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशासाठी एक किंवा दोन शिफारसपत्रे मागतात. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत मुलाखतीपर्यंत पोचलेल्या उमेदवाराला दोन पत्रे द्यावी लागतात. आणि परदेश राहू द्या बाजूला. आपल्याच देशातल्या विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपला बी.एस्सी.च्या मुलीने अर्ज केला तरी शिक्षकाचे पत्र लागते.

आमचा जिल्हा लहान. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाच तालुके. विद्यापीठ नांदेडचे, तेही १९९४ सालचे. म्हणजे ज्यांच्या आया शाळेची पायरी चढल्या नाहीत अशा मुली आज पदवीपर्यंत पोचल्या आहेत. औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ची प्रयोगशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. विश्वाच्या पलीकडून येणारा अतिसूक्ष्म हादरा तिथे मोजला जाणार आहे. त्याच तालुक्यातल्या भौतिकशास्त्राच्या मुलीला उन्हाळी फेलोशिपसाठी एका पानाचे पत्र मिळताना मारामार आहे. तिच्या आयुष्यात कोणता हादरा बसला म्हणून तिचे तिसरे सेमिस्टर घसरले, हे मोजायला कुणाकडे यंत्र नाही आणि वेळही नाही.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या इतर मागासवर्गीय, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. चांगले झाले. मुलींच्या वाटेतला एक दगड हलला. पण सरकारने फी माफ केली म्हणून समाजाने मुलीला नापास होणे माफ केलेले नाही.

वाईट सेमिस्टर कशाने येते?

मार्कमेमोवर लिहिलेले असते: अमुक विषय, अमुक गुण, खाली एटीकेटी. त्या महिन्यांत काय घडले हे मेमोवर लिहिलेले नसते. आपण आमच्या भागातली दोन सेमिस्टरे शेतीच्या कॅलेंडरशेजारी ठेवून पाहू.

पहिले सेमिस्टर पावसाळ्यात सुरू होते आणि दिवाळीच्या आगेमागे परीक्षेला येते. याच दिवसांत सोयाबीन काढणीला येते, कापूस वेचायला येतो. मजुरी महाग म्हणून घरची मुलगी शेतात. तांड्यावरच्या, वस्तीवरच्या घरांतले आई-बाप दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मागे राहिलेल्या मुलीच्या अंगावर घर, आजी, लहान भावंडे आणि जनावरे पडतात. दुसरे सेमिस्टर उन्हाळ्याकडे सरकते, तेव्हा आमच्याकडे हळदीचे दिवस असतात. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, बाजारात तिचे नाव मोठे झाले. ती हळद वेचणाऱ्या हातांत कॉलेजच्या मुलींचे हात किती, हे त्या मानांकनावर छापलेले नाही. आणि त्याच दिवसांत दुसरी हळद येते, लग्नाची. पाहुणे पाहायला येणार म्हणून तास बुडतो. पसंती कळली नाही म्हणून आठवडा बुडतो. परीक्षा आणि मुहूर्त एका दिवशी आले, तर पुढे काय ढकलले जाते ते आपल्याला सांगायला नको.

याशिवाय ज्या गोष्टी कुणाच्याच हातात नसतात त्या वेगळ्याच. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांशी आपले भांडण नाही, त्यांनी लढायलाच हवे होते. पण त्या सहा महिन्यांत आमच्या खेड्यांतली मुले मोटरसायकलवर तिघे-तिघे बसून कॉलेजला गेली, आणि मुली घरी राहिल्या. काळीपिवळीला पैसे नव्हते, असले तरी घरच्यांची परवानगी नव्हती. संप सगळ्यांसाठी एकच होता. सेमिस्टर मात्र मुलींचे गेले. २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला आणि पुन्हा २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अतिवृष्टीने शेते खरवडून नेली. ज्या घरात पुराचे पाणी शिरले, त्या घरात आधी धान्य वाचवतात. मुलीच्या वह्या वाचवायला कोण धावते?

म्हणून मी म्हणते की वाईट सेमिस्टर ही मुलीची एकटीची गोष्ट नाही. घराने, गावाने आणि सरकारने घेतलेल्या निर्णयांची ती बेरीज असते. फक्त ती बेरीज मुलीच्या नावाने छापली जाते. मुलगेही नापास होतात, शेतीचे ओझे त्यांच्यावरही असते, गरीब घरातल्या मुलाचे हाल मी नाकारत नाही. पण मुलगा नापास झाला की घर म्हणते, पुढच्या वेळी निघेल. मुलगी नापास झाली की घर म्हणते, आता बस झाले. मुलाचे अपयश एका पेपरचे असते. मुलीचे अपयश तिच्या शिकण्याच्या हक्कावरच उलटते.

‘मार्क तर बघ की आधी’

आता ही मुलगी सगळे निस्तरते. राहिलेले विषय पुढच्या परीक्षेत काढते. शेवटच्या वर्षी चांगले गुण मिळवते. मग पत्र मागायला विभागात जाते. तिथे तिला काय ऐकायला मिळते ते मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. कॉलेजांची नावे घेण्याची गरज नाही, तऱ्हा सगळीकडे सारखी आहे.

“मार्क तर बघ की आधी तुझे. माझं नाव खराब करायलीस का?”

“काय करायलीस एवढं शिकून? लग्न जमलंय म्हणे.”

“तूच लिहून आण, मी सही मारतो.”

“पुढच्या आठवड्यात ये.” आणि पुढच्या आठवड्यात अर्जाची तारीख संपलेली असते.

एकदा मी स्वतः एका मुलीबरोबर गेले होते. दुसऱ्या वर्षी तिचे दोन विषय राहिले होते आणि तिसऱ्या वर्षी ती वर्गात पहिल्या पाचांत होती. संबंधितांनी पाचव्या-सहाव्या सेमिस्टरचा मेमो हातातही घेतला नाही. बोट ठेवले ते फक्त तिसऱ्या सेमिस्टरवर. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, आम्हाला खोटं लिहिता येत नाही.” खोटे लिहा असे त्यांना कुणी म्हणाले होते? खाली पडलेली मुलगी उठून चालू लागली, हे खरे नव्हते का? हेच खरे त्यांना लिहायचे नव्हते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो प्रामाणिकपणे घेणारे शिक्षकही असतात. ते म्हणतात, गुण कमी असताना शिफारस केली तर पत्राची किंमत काय राहील? उद्या आमच्या सहीवर कोण विश्वास ठेवील? माझे उत्तर असे. गुणच पाहायचे असते तर मेमोची झेरॉक्स पुरे होती. विद्यापीठ मेमो मागते आणि वर पत्रही मागते, ते कशासाठी? मेमो जे सांगू शकत नाही ते सांगणारा माणूस त्यांना हवा असतो. ही मुलगी प्रश्न कसे विचारते? चूक दाखवली की काय करते? प्रयोग फसला तर पुन्हा उभा करते का? अडचण आली तेव्हा पळाली की टिकली? जो शिक्षक फक्त गुण पाहून पत्र देतो किंवा नाकारतो, तो पत्र लिहीतच नाही, मेमोच दुसऱ्यांदा वाचून दाखवतो. पत्राची किंमत घालवली असेल तर ती अशा पत्रांनी.

शिक्षकाला नाही म्हणण्याचा हक्क आहे, हेही मी मानते. ज्या मुलीला तो ओळखत नाही तिच्याविषयी त्याने लिहू नये. जे त्याने पाहिले नाही ते लिहू नये. पण ‘मी तुला पुरेसे ओळखत नाही’ हे एक उत्तर झाले आणि ‘तुझी लायकी नाही’ हे दुसरे. पहिल्या उत्तरानंतर मुलगी दुसऱ्या शिक्षकाकडे जाते. दुसऱ्या उत्तरानंतर ती घरी जाते.

ज्यांना कुणीतरी पत्र दिले

गुणांच्या आकड्यापलीकडे पाहणारे कुणी भेटले नसते तर आपला इतिहास काय झाला असता, हे थोडे आठवू या. भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे अडतीस टक्केही नव्हेत. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी या मुलाचे वाचन पाहिले होते. त्यांनी सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळून कॉलेजचे शिक्षण पुढे चालू राहिले. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून लंडनला निघताना प्राध्यापक सेलिग्मन यांनी त्यांच्यासाठी ओळखीची पत्रे दिली. पुढे त्याच माणसाने १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उघडले आणि मराठवाड्यातल्या पिढ्यांना कॉलेजचे दार दाखवले. आज परदेशी शिक्षणासाठीच्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीत अनुसूचित जातीच्या उमेदवाराला पात्रता परीक्षेत ६० टक्के गुणांची अट आहे. मॅट्रिक वेगळी आणि पदवी वेगळी, हे मला कळते. पण केळुसकर गुरुजींनी आधी आकड्यांची चाळणी लावली असती तर काय झाले असते, एवढा प्रश्न तर विचारता येतो.

दुसरे उदाहरण आपल्या आनंदीबाईंचे. १८८३ साली अठरा वर्षांची ही मुलगी अमेरिकेत पोचली आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे तिने प्रवेश मागितला. अर्जाच्या पत्रात तिने लपवाछपवी केली नाही. प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण कदाचित बसणार नाही, पण आपली गोष्ट इतरांपेक्षा वेगळी आहे हे लक्षात घ्यावे, आणि जात-नात्यातल्या सगळ्यांचा विरोध पत्करून ज्या निर्धाराने आपण इथवर आलो त्याची किंमत धरावी, असे तिचे म्हणणे होते. डीन रॅचेल बॉडली यांच्या महाविद्यालयाने ते ऐकले. १८८६ साली आनंदीबाई एम.डी. झाल्या. माझ्या अभ्यासगटातल्या मुलींना मी हे पत्र समजावून सांगते, कारण उणीव मान्य करूनही ताठ मानेने कसे मागावे याचा तो धडा आहे. त्यात दयेची याचना नाही. त्यात हिशेब मांडला आहे: मी कुठून निघाले आणि कुठवर आले ते पाहा, मग ठरवा.

‘बिचारी’ आणि ‘आज्ञाधारक’

पत्र मिळाले म्हणजे सगळे झाले असेही नाही. मिळालेली पत्रे मी वाचलेली आहेत. बहुतेकांत तीन वाक्ये असतात: ही मुलगी आमच्या महाविद्यालयाची विद्यार्थिनी होती. ती सुशील, नम्र व आज्ञाधारक आहे. तिच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा. हे शिफारसपत्र की स्थळाची माहिती? सोयरिकीच्या बैठकीत हेच तीन शब्द चालतात. संशोधन करायला निघालेल्या मुलीला आज्ञाधारक असून काय उपयोग? तिने तर प्रश्न विचारायचे आहेत.

दुसरा प्रकार दयेचा. मुलीची गरिबी, बापाचे कर्ज, आईचे आजारपण सगळे पत्रात ओतायचे, आणि मुलगी करते काय, तिला येते काय, याविषयी एक ओळ नाही. असे पत्र वाचणाऱ्याला कळवळा येतो, पण जागा तो दुसऱ्याला देतो. शिवाय घरातली प्रत्येक गोष्ट जगाला सांगायची की नाही हे मुलीने ठरवायचे. बापाने आत्महत्या केली, तिचे बालपणीच लग्न ठरले होते, तिचा गर्भपात झाला होता, या गोष्टी शिक्षकाने तिला न विचारता कागदावर घालणे हा सरळ सरळ तिच्यावर अन्याय आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

हे आमच्याच मागास जिल्ह्यात होते असे समजू नका. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का या दोघींनी अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रे तपासली. त्यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रे सरासरीने आखूड होती आणि त्यांत शंका पेरणारी वाक्ये जास्त होती. म्हणजे शिकल्यासवरलेल्या, पुढारलेल्या म्हणवणाऱ्यांच्या लेखणीतूनही बाईसाठी कमी शाई उतरते. मग ज्या मुलीच्या मेमोवर आधीच एक डाग दाखवता येतो, तिच्या वाट्याला किती उतरत असेल?

मर्जी जिथे, तिथे धोका

ज्या कागदाला नियम नाही, तो कागद देणाऱ्याच्या हातात सत्ता असते. विभागात एकच ज्येष्ठ शिक्षक. त्याच्याच सहीवर मुलीचे पुढचे आयुष्य. “संध्याकाळी ये, मोकळा असतो,” एवढे म्हटले तरी मुलीच्या पोटात गोळा येतो. आणि ज्या मुलीचे गुण कमी आहेत तिला तर वाटते की आपल्याला तक्रारीचाही हक्क नाही. हीच जागा हेरणारे असतात. १९९७ च्या विशाखा निकालासाठी आणि २०१३ च्या कायद्यासाठी आपण लढलो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत विद्यार्थिनींचा वेगळा विचार आहे. फायद्याचे आमिष किंवा नुकसानीची धमकी देऊन लैंगिक मागणी करणे हा छळच आहे, असे ते सांगतात. तक्रारीची चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तक्रारदार मुलीच्या कामाचे मूल्यमापन करू नये, तिच्याविषयी अहवाल देऊ नये, याचीही तरतूद त्यांत आहे. शिफारसपत्र म्हणजे मुलीविषयीचा अहवालच आहे. तेव्हा अशा वेळी तिला दुसऱ्या शिक्षकाचे पत्र मिळवून देणे ही संस्थेची जबाबदारी ठरते. आपापल्या कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीला हे ठणकावून विचारा.

जातीची गोष्टही इथेच येते. २०२५ च्या ऑक्टोबरात पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे प्रकरण गाजले. तिथून पदवी घेऊन पुढे इंग्लंडला शिकलेल्या, नंदुरबारकडच्या एका दलित तरुणाने आरोप केला की कॉलेजने त्याच्या शिक्षणाची पडताळणी करून दिली नाही म्हणून लंडनमधली नोकरी हातची गेली, आणि यामागे जात आहे. कॉलेजने जातीचा आरोप नाकारला आणि त्याच्या वर्तनाचा मुद्दा पुढे केला. खरेखोटे ठरवण्याची ही जागा नव्हे. मला एवढेच दिसते की कागदाचा प्रश्न आला की ‘वर्तन’ हा शब्द बाहेर निघतो. एका शिकलेल्या तरुणाच्या बाबतीत तो निघाला. मुलीच्या बाबतीत तर वर्तन म्हणजे काय समजले जाते हे आपण सगळ्या जाणतो: कुणाशी बोलली, कोणत्या गाडीवर बसली, मोर्चात घोषणा दिल्या का.

सगळा दोष शिक्षकांचा नाही

पण शिक्षकांना झोडपून थांबले तर हिशेब अर्धा राहील. आमच्या भागातल्या कॉलेजांत कायम शिक्षक थोडे आणि तासिका तत्त्वावरचे फार. तासावर पैसे, तेही महिनोन्‌महिने अडकलेले. पुढच्या वर्षी तोच माणूस तिथे असेल याची खात्री नाही. मुलींना मनापासून शिकवणारे, त्यांना नावाने ओळखणारे बहुधा हेच असतात. पत्र तेच चांगले लिहू शकतात. पण बाहेरचे विद्यापीठ म्हणते, पत्र संस्थेच्या ई-मेलवरून पाठवा, लेटरहेडवर द्या. तासिकेवरच्या शिक्षिकेला कॉलेजने ना ई-मेल दिलेला असतो ना लेटरहेड. ज्याच्याकडे लेटरहेड आहे तो मुलीला ओळखत नाही, आणि जी ओळखते तिच्याकडे लेटरहेड नाही. वर पत्र इंग्रजीत हवे. मराठीतून शिकलेल्या, मराठीतून शिकवणाऱ्या कित्येक शिक्षकांना त्याचीच धास्ती वाटते, आणि ती लपवायला ते मुलीचे गुण पुढे करतात. सरकारने पदे भरली नाहीत त्याची किंमतही अशी मुलीच देतात.

मग करायचे काय?

आधी मुलींसाठी, आमच्या गटात आम्ही जे करतो ते सांगते. पत्र अर्जाच्या तारखेआधी किमान महिनाभर मागायचे. सगळ्यात मोठ्या पदाच्या माणसाकडे न जाता ज्याने आपले काम पाहिले आहे त्याच्याकडे जायचे, मग ती तासिकेवरची शिक्षिका असो, प्रकल्प तपासणारे सर असोत की एन.एस.एस.च्या मॅडम. जाताना हातात सगळे मेमो, आपल्या प्रकल्पाची वही, अर्जाचा मसुदा आणि अर्ज कुठे, कधीपर्यंत करायचा त्याची चिठ्ठी. प्रश्न सरळ विचारायचा: “सर, माझ्याविषयी चांगले पत्र लिहिता येईल का तुम्हाला?” उत्तर देताना समोरचा घुटमळला तर धन्यवाद म्हणून दुसरीकडे जायचे. कोमट पत्रापेक्षा नसलेले पत्र बरे. वाईट सेमिस्टरचा विषय आपणच काढायचा, तोही दोन वाक्यांत: काय झाले, आणि त्यानंतर मी काय केले. रडायचे नाही, खोटे बोलायचे नाही, माफीही मागायची नाही. पत्रात कारण घालायचे की नाही हे आपण ठरवायचे आणि तसे स्पष्ट सांगायचे. सोबत कुणीतरी असावे. एकटीने संध्याकाळी कुणाच्या खोलीवर जायचे नाही.

पण मुलींना शहाणपण शिकवून व्यवस्था बदलत नाही. आपल्या मागण्या कॉलेजांकडे आणि विद्यापीठाकडे असल्या पाहिजेत. पहिली, शिफारसपत्राच्या मागणीची लेखी नोंद व्हावी आणि ठरावीक दिवसांत हो किंवा नाही असे उत्तर मिळावे. नाही म्हटले तर कारण लेखी द्यावे. दुसरी, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनाही संस्थेचा ई-मेल आणि लेटरहेड वापरता यावे. तिसरी, एटीकेटी किंवा एखाद्या सेमिस्टरचे गुण हे पत्र नाकारण्याचे एकमेव कारण असू नये. चौथी, पत्रासाठी पैसे, घरकाम, खासगी कामे किंवा ‘भेट’ मागितल्यास ती तक्रार मानली जावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी आणि तिच्यात निदान एक बाई हवी. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवणे ही तिथे तक्रार होऊ शकते. मग वेळकाढूपणा करून मुलीचे पत्र अडवणे ही तक्रार का होऊ नये?

आणि शेवटचे आपल्या स्वतःच्या संघटनांविषयी. अनेक अर्जांत दोन पत्रांपैकी एक शिक्षकाचे आणि दुसरे कामाच्या ठिकाणचे चालते. ज्या मुली आपल्या शिबिरांत सतरंज्या घालतात, सर्वेक्षणाचे फॉर्म भरतात, बचतगटाचे हिशेब लिहितात, तहसीलवर मोर्चा नेतात, त्यांच्या कामाच्या साक्षीदार आपण आहोत. त्यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे, मग आपण ते का लिहीत नाही? प्रत्येक संघटनेने एक वही करावी. कोणत्या मुलीने कोणते काम, कधी, किती दिवस केले ते त्यात लिहावे. वर्षाने, दोन वर्षांनी ती पत्र मागायला येईल तेव्हा ‘सुशील व नम्र’ असे लिहायची वेळ आपल्यावर येणार नाही. तिने अमुक गावात अमुक घरांची पाहणी केली, रेशन दुकानदाराशी वाद घातला, आकडे चुकले तेव्हा पुन्हा घरोघर गेली, असे आपण लिहू शकू. इंग्रजी करून द्यायला आपल्यातल्याच शिकलेल्या मैत्रिणी पुढे येतील.

पुढच्या प्रवेशांचे अर्ज सुटायच्या आत हिंगोली, परभणी आणि नांदेडच्या गटांनी एकत्र बसून या मागण्यांचे निवेदन तयार करावे आणि ते नांदेडला विद्यापीठात समक्ष नेऊन द्यावे, असा माझा प्रस्ताव आहे. ज्यांच्या भागात पत्रे अशी अडली आहेत त्यांनी मुलीचे आणि कॉलेजचे नाव न लिहिता अनुभव कळवावेत: किती खेटे घातले, काय उत्तर मिळाले, कोणती तारीख चुकली. निवेदनाला ते जोडता येतील.